उन्हाळ्यात थर्मल गनने ताप मोजताना

मे महिन्यात दुपारी बारा ते चारच्या मध्ये उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावर लगेच गन धरली, तर त्या आकड्याची मी नोंद करत नाही. आधी माणूस सावलीत बसतो, गनही सावलीत राहते, आणि मग मोजणी होते. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला तर कुणाला नवल वाटत नाही. अशा हवेत कपाळावरचा आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. ठणठणीत माणसाला ताप दाखवतो आणि तापाने फणफणलेल्या पोराला बरं ठरवतो. यातली दुसरी फसवणूक जास्त वाईट, कारण घरचे निर्धास्त होतात आणि दवाखाना एक दिवस पुढे ढकलला जातो.

ही पांढरी गन आपल्या गावांत पोचली ती कोरोनात. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, आणि घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायला आम्ही सगळ्या शिकलो. पण ते दिवस पावसाळा सरतानाचे होते. तेव्हाच्या हवेत जी सवय हाताला लागली, तीच आपण मे महिन्यात चालवतो, आणि तिथेच घोळ होतो. म्हणून आशाताई, अंगणवाडीताई, शाळेतले गुरुजी आणि घरात गन घेऊन ठेवलेल्या आयांसाठी हे लिहिते आहे. अंगाच्या तापाचे आकडे फॅरनहाइटमध्ये देते, कारण घरात आपण तसंच बोलतो. हवेचे सेल्सिअसमध्ये.

गन नेमकं काय मोजते

एक भीती आधी काढून टाकते. गनमधून काहीही डोक्यात जात नाही. काही गनना लाल ठिपका असतो, तो फक्त नेम धरण्यासाठी. प्रत्येक गरम वस्तूमधून उष्णतेचे अवरक्त किरण सतत बाहेर पडतात, तसे ते आपल्या कातडीतूनही पडतात. गन ते किरण घेते आणि त्यावरून कपाळाच्या कातडीचं तापमान काढते. हे काम ती चांगलं करते. अडचण पुढे आहे.

साधारण २५ अंशाच्या खोलीत निवांत बसलेल्या माणसाच्या कपाळाची कातडी ९१ ते ९५ च्या आसपास असते. मग पडद्यावर ९८ कसा दिसतो? तर गनमध्ये एक हिशेब भरलेला असतो. कपाळ इतकं असेल तर आतलं अंग इतकं असेल, असं धरून ती वरून भर घालते. बऱ्याच गनवर ‘बॉडी’ आणि ‘सरफेस’ अशा दोन सोयी असतात. सरफेसवर ठेवून स्वतःच्या कपाळावर धरून पाहा, भर न घातलेला आकडा दिसेल. आशाताईंच्या बैठकीत मी हे आवर्जून करून दाखवते, कारण एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं समजतं. (बघून झालं की गन परत बॉडीवर आणा. सरफेसवर राहिली तर ताप असलेलं मूलही साधं दिसेल.)

हा हिशेब बसवला आहे बेताच्या हवेत शांत बसलेल्या माणसावर. उन्हात चालून आलेल्याचं कपाळ तसं नसतं. अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, रक्त कातडीकडे धावतं, वरून ऊन कपाळ भाजत असतं. कपाळच ९८-९९ ला पोचलेलं असतं. गन त्यावर नेहमीची भर घालते आणि १०१ उमटतो. माणसाला ताप नाही, त्याचं फक्त कपाळ तापलंय.

उलटही होतं. घाम वाळताना कपाळ थंड करतो. आमच्या विदर्भाच्या कोरड्या हवेत तर घाम दिसतसुद्धा नाही, आला तसा उडून जातो, मागे मिठाचा पांढरा थर राहतो. कपाळ हाताला कोरडं लागतं, पण ते घामाने गार झालेलं असतं. कोकणात आणि मुंबईत घाम वाळत नाही, कपाळावर पाण्याचा पापुद्रा राहतो. अवरक्त किरण पाण्याच्या पातळ थरातूनही पार होत नाहीत, म्हणजे गन तिथे कातडी मोजतच नाही, घामाचं पाणी मोजते. काचेचंही तसंच. गाडीची काच खाली न करता आतल्या माणसाचा ताप घेतला, तर तो काचेचा ताप असतो.

आधी गन सांभाळा

गनला कपाळाचं तापमान कळतं ते स्वतःच्या तापमानाशी तुलना करून. आत एक छोटा भाग तिचं स्वतःचं तापमान सतत मोजत असतो. गन भराभर तापत किंवा थंड होत असेल तर ही तुलना डळमळते. म्हणून जिथे मोजायचं आहे तिथे, सावलीत, गन आधी नेऊन ठेवा. दहा मिनिटं तरी, आणि फार वेगळ्या जागेतून आणली असेल तर अर्धा तास.

यंत्रासोबतच्या कागदावर वापरायच्या हवेची मर्यादा छापलेली असते. बहुतेक घरगुती गनवर वरची मर्यादा ४० अंश असते. आमच्याकडे पत्र्याच्या छपराखाली दुपारी दोन वाजता ४० ओलांडलेलं असतं. तेव्हा गन एकतर आकडा न देता नुसती चूक झाल्याची खूण दाखवते, किंवा त्याहून धोक्याचं म्हणजे विश्वास बसेल असा चुकीचा आकडा दाखवते. शाळेत, अंगणवाडीत भिंतीवर एक साधं खोलीचं तापमापक लावून ठेवा. ते ४० च्या वर असेल तर गन पिशवीत राहू द्या.

स्कूटीची डिक्की, बंद गाडी, पत्र्याची पेटी, खिडकीची कड, या जागांवर गन ठेवू नका. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ५० च्या वर सहज जातं. लसीकरणाच्या दिवशी आणखी एक मोह होतो, गन तापली म्हणून ती व्हॅक्सिन कॅरियरच्या झाकणावर किंवा आइसपॅकला टेकवून ठेवायचा. ते करू नका. बाहेरून गार आणि आतून गरम अशी गन पुढची कितीतरी मिनिटं भलतेच आकडे देत राहते. दमट गावात तर एसीतून बाहेर काढल्याबरोबर तिच्या काचेवर बाष्प धरतं. वाट पाहणं हाच उपाय.

समोरची काच बोटाने पुसू नका. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये किंचित भिजवून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. उन्हाळ्यात आमच्याकडची धूळ तिथे बारीक थर करून बसते, आणि त्या थराने आकडा कमी येतो. सेल उतरत आले की बदला.

मग माणूस

उन्हातून आलेल्याला सावलीत बसवा. पाणी द्या. डोक्यावरचा दुपट्टा, टोपी, हेल्मेट, पदर काढायला सांगा, आणि कापडाखाली दबलेली उष्णता निघून जाऊ द्या. वीस मिनिटं थांबा, धावपळ किंवा अंगमेहनत करून आला असेल तर अर्धा तास. चुलीपुढून उठून आलेल्या बाईलाही हाच नियम. ज्वाळेसमोर तासभर बसलेलं कपाळ उन्हातल्या कपाळाइतकंच तापलेलं असतं.

बसवायचं कुठे, यालाही महत्त्व आहे. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, मातीच्या घरात किंवा कडुनिंबाखाली बसवा, पत्र्याखाली नको, तापलेल्या भिंतीला टेकवून नको. आणि कूलरच्या झोतात तर अजिबात नको! पाहुण्याला आपण प्रेमाने कूलरसमोर बसवतो. वाळ्याच्या ताटीतून येणारा तो गार झोत कपाळ इतकं थंड करतो की १०१ चा ताप ९८ दिसतो. पंख्याखालीही तेच, एसीतून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाचंही तेच. माणूस आणि गन दोघंही झोतापासून बाजूला असू द्या.

आता कपाळ. घाम असेल तर कोरड्या सुती रुमालाने टिपून घ्या, घासू नका. घासण्यानेही कातडी गरम होते. पुसल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा. गंध, बुक्का, हळदकुंकू, पावडर, बाळाच्या टाळूवरून ओघळलेलं तेल, यांतलं काही मोजायच्या जागी नको. टिकली काढायला लावायची गरज नाही, तिच्या थोडं वर, भुवयांच्या मधल्या रेषेत स्वच्छ कातडी शोधा. कपाळावर आलेले केस बाजूला करा.

गन कपाळाला काटकोनात धरा, तिरकी नको. अंतर कागदावर लिहिलेलं असेल तेवढंच. बऱ्याच गनना ते ३ ते ५ सेंटीमीटर लागतं, म्हणजे दोन-तीन बोटांएवढं. लांबून धरली तर कपाळासोबत आजूबाजूचंही तिच्या नजरेत येतं, आणि मे महिन्यात आजूबाजूचं म्हणजे तापलेली भिंत असते. तीनदा मोजा. तिन्ही आकडे जवळपास आले तर मधला लिहा. एक ९७, एक ९९, एक १००.५ असे आले तर गन किंवा माणूस अजून स्थिर झालेला नाही, आणखी दहा मिनिटं जाऊ द्या.

मनगटावर, तळहातावर मोजू नका. दारावरचे रखवालदार घाईत असतात म्हणून हात पुढे करायला सांगतात. हिशेब कपाळाचा भरलेला आहे, मनगटाचा नाही.

सगळ्यांनाच ताप निघाला तर

उन्हाळ्यात आशाताईंचा हमखास फोन येतो, “सिस्टर, इथं तर सगळ्यांनाच ताप निघतोय.” मी विचारते, “तुमचा स्वतःचा किती येतो?” उत्तर बहुतेक वेळा तसंच येतं, ९९.५, १००.

ही युक्ती कायमची लक्षात ठेवा, कारण हिला पैसे लागत नाहीत आणि ती कुठेही चालते. आजारी माणसाला मोजायच्या आधी त्याच जागी, तितकाच वेळ बसलेल्या चार-पाच धडधाकट माणसांना मोजा, स्वतःला धरून. सगळे ९९.६ च्या आसपास असतील तर ते त्या जागेचं, त्या हवेचं काम आहे, आजाराचं नाही. त्या सगळ्यांपेक्षा एखादाच दीड-दोन अंशांनी वर असेल तर तो आकडा खरा धरून पुढे चौकशी करा. शाळेच्या दारात शंभर मुलं मोजताना १००.४ च्या वर सगळा ताप, ही रेघ डोळे मिटून लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं. घरी असाल तर बरं असताना सकाळी, दुपारी, रात्री घरच्यांचा आकडा घेऊन कॅलेंडरवर लिहून ठेवा. मग दुपारचा ९९.४ पाहून जीव घाबरा होत नाही.

तरीही शंका राहिली तर काखेत डिजिटल थर्मामीटर. नवजात बाळासाठी तर गन वापरूच नका. आशाताईंच्या पिशवीत बाळाच्या गृहभेटीसाठी डिजिटल थर्मामीटर दिलेला असतो, तोच काखेत लावा. उन्हाळ्यात बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवलं तरी त्याचं अंग तापतं, तेव्हा ते सैल करा, अंगावर पाजायला सांगा. पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या काखेत ९९.५ किंवा वर आला, तर त्याच वेळी दवाखान्याची तयारी सुरू करा. “उन्हाने झालं असेल” म्हणून दुपार घालवू नका.

काखेतल्या थर्मामीटरचीही उन्हाळ्यात एक खोड आहे, आणि ती फार कमी लोक सांगतात. हा थर्मामीटर सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवतो. खोली अंगापेक्षा गरम असेल, म्हणजे हवा ४२ अंश असेल, तर तो टेबलावर पडल्या पडल्याच १०७ ला पोचलेला असतो. काखेत गेल्यावर त्याला खाली यायचं असतं, पण तो खाली येत नाही. जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरचं आमच्याकडे हेच व्हायचं, कितीही झटकला तरी पारा उतरायचा नाही. म्हणून त्याचं टोक आधी माठाच्या पाण्यात बुडवा, पुसा, मगच चालू करा आणि लगेच लावा. काख पुसून कोरडी हवी, हात अंगाला घट्ट धरलेला हवा, आणि वाजेपर्यंत हलवायचा नाही. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी असतो, म्हणून काखेत ९९.५ पासून वर मी ताप धरते.

कानात घालायचा अवरक्त थर्मामीटर कुणाकडे असेल तर उन्हाळ्यात तो कपाळाच्या गनपेक्षा बरा. कानाचा पडदा आत, सावलीत असतो. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तो नको, कानाची वाट अरुंद असते. मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढून नळी सरळ करा. ज्या कानावर मूल झोपलं होतं किंवा ज्यावर लू, म्हणजे गरम वारा, लागत होती तो सोडून दुसरा घ्या, आणि मळ असेल तर आकडा कमी येणार हे धरून चाला.

गन ‘ताप नाही’ म्हणते तेव्हा

थंडी वाजून येणाऱ्या तापात आतलं अंग चढत असतं आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. हातपाय गार, कपाळही फारसं गरम नाही. गन ९८ दाखवते आणि पोरगं गोधडीत कुडकुडत असतं. आमचा भाग हिवतापाचा. तेंदूपत्त्याच्या दिवसांत माणसं पहाटेपासून जंगलात असतात. अशा वेळी आकड्यापेक्षा विचारा, “काल, परवा ताप येऊन गेला का? थंडी वाजली का?” हो म्हणाला तर गन काहीही म्हणो, रक्ताचा नमुना घ्यायचाच.

कपाळावरच्या मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या हे दुसरं कारण. आई रात्रभर पट्ट्या ठेवते, मग पट्टी उचलून तिथेच गन धरते, ९७.८ येतो, आणि ती सुटकेचा श्वास टाकते. तो आकडा ओल्या कपाळाचा आहे. पट्टी काढून अर्धा तास होऊ द्या किंवा काखेत मोजा.

आणि ऊन लागलेला माणूस. इथे मी हात जोडून सांगते, गन शोधत बसू नका. उन्हात काम करता करता माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या गेला, झटके आले, हाक मारल्यावर ओ देत नाही, तर तो उष्माघात समजा. त्याच्या आतलं तापमान १०४ च्या वर गेलेलं असू शकतं आणि घामाने भिजलेल्या कपाळावर गन १०० दाखवू शकते. अंग कोरडंच पडलं पाहिजे असंही नाही. मेहनत करताना ऊन लागलं तर अंगाला घाम असतो.

१०८ ला फोन करा आणि त्याच वेळी गार करायला घ्या. सावलीत न्या, कपडे सैल करा, काढा. डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, ओतत राहा, चादरीने, सुपाने, जे हाताशी असेल त्याने वारा घाला. बर्फ असेल तर कापडात बांधून मानेला, काखेत, जांघेत लावा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी, पन्हं, काहीही घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका. आजाराच्या तापात मेंदूच तापमान वर चढवतो, आणि गोळी तिथे काम करते. उष्माघातात उष्णता बाहेर टाकायची वाटच बंद पडलेली असते, तिथे गोळी निरुपयोगी आहे. पाणी ओतल्यावर कुणीतरी कपाळावर गन धरेल आणि “९६ आला, उतरला” म्हणेल. तेव्हाही थांबू नका. ते वरून ओतलेल्या पाण्याचं तापमान आहे. गाडी येईपर्यंत पाणी आणि वारा चालू ठेवा.

नोंद कशी ठेवायची

नुसता आकडा लिहिला तर तो वाचून डॉक्टरांना काहीच कळत नाही. मी आकड्यापुढे वेळ लिहिते, आणि कशाने मोजला त्याचं अक्षर: ग म्हणजे गन, का म्हणजे काख, कान पूर्ण लिहिते. त्यापुढे माणूस किती वेळ सावलीत बसला ते, आणि पॅरासिटामॉल दिली असेल तर किती वाजता. उदाहरणार्थ, ‘१००.८, का, दुपारी २.४०, सावलीत ३० मि., गोळी नाही.’ एवढी ओळ बाळाच्या कार्डावर किंवा चिठ्ठीवर लिहून सोबत पाठवली, की प्राथमिक आरोग्य केंद्रात पुन्हा पहिल्यापासून चौकशी करावी लागत नाही.